न वाकता पढलेली नमाज

"तोंड उघड," डॉक्टरसाहेब म्हणाले.

मी उघडलं. म्हणजे मला वाटलं की उघडलं. त्यांनी बॅटरीचा उजेड पाडला आणि म्हणाले, "अरे, नीट उघड ना. लाजतोस काय?" दातांमध्ये जेमतेम बोट जाईल एवढी फट पडली होती. मग त्यांनी त्या फटीतून एक चपटी लाकडी पट्टी आत सरकवली आणि घशाला लावली. अशानं कुणालाही उमासा यायला पाहिजे. माझा जबडा मात्र त्या पट्टीवर करकचून मिटला. मी मिटला नव्हता, तो आपोआप मिटला. पट्टी निघेना, तेव्हा डॉक्टरसाहेबांचं हसणं थांबलं.

"जखम कुठं झाली होती?" त्यांनी मला न विचारता अब्बांना विचारलं.

अब्बांनी माझा डावा तळहात उलटा करून अंगठ्याखालची खूण दाखवली. "नाल मारताना खिळा गेल्ता साहेब. नऊ-दहा दिस झाले. भरून आली की ती."

"वरून भरली," डॉक्टरसाहेब म्हणाले. "टिटॅनस आहे हा. धनुर्वात."

मी नालबंद आहे, म्हणजे बैलांच्या खुरांना लोखंडी नाल ठोकणारा. माझे अब्बाही नालबंद, त्यांचे अब्बाही. आमच्या धंद्यात दोनच गोष्टींचं भय असतं, एक बैलाची लाथ आणि दुसरा हा आजार. अब्बांनी माझा हात सोडला नाही.

ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची, सत्तरच्या दशकातली. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता आणि आमचं कुंभार पिंपळगाव अंबड तालुक्यात होतं. मी चोवीस वर्षांचा होतो, शमीमशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. तरी लिहितोय, कारण तुमच्या घरात कुणाला हा आजार झाला तर औषधपाणी डॉक्टर बघतील, पण एक गोष्ट डॉक्टर सांगत नाहीत. ती मला अंधारात पडून शिकावी लागली. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मात्र सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिलंय.

आधी अब्बांबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बैलाला नाल मारायचा तर आधी त्याला दोरानं पाडावं लागतं. चारी पाय बांधायचे, मानेवर एकानं बसायचं, डोळ्यांवर फडकं टाकायचं आणि मग नालबंदानं उकिडवं बसून खूर मांडीवर घ्यायचा. चाळीस वर्षं असं बसून अब्बांचे गुडघे गेले होते. दुखायचे ते दुखायचेच, वर वाजायचे. बसताना कट्, उठताना कट्कट्. लांबच्या माणसालाही ऐकू जायचं. तीर्थपुरीच्या बाजारात लोक म्हणायचे, "बाबूमियाँ उठले वाटतं." पडलेला बैलसुद्धा त्या आवाजानं कान टवकारायचा.

आणि अब्बा बैलाशी बोलायचे. पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत. "आता खूर तासतो हं राजा. आता नाल ठेवला. आता ठोकतो, भिऊ नको. एकच राह्यला." मला त्याची लाज वाटायची. बैलाला काय कळतं, असं मी एकदा म्हणालो. अब्बा म्हणाले, "बांधलेल्याला सांगावंच लागतं. त्याला दिसत न्हाई काय चाललंय ते."

नमाज त्यांची कधी चुकली नाही. बाजाराच्या दिवशी मशिदीपर्यंत जायला वेळ नसायचा. मग पडलेल्या बैलांमध्ये, दोरांच्या वेटोळ्यांशेजारी, शेणाची जागा सोडून पोतं अंथरायचे आणि तिथंच उभे राहायचे. गुडघे वाजायचे, बैल कान हलवायचे, गिऱ्हाईक बिडी ओढत थांबायचं. बांधावर, एसटीच्या थांब्यावर, गुळाच्या गाडीच्या सावलीत, कुठंही मी त्यांना नमाज पढताना पाहिलं आहे. मी स्वतः शुक्रवारपुरता नमाजी, म्हणून ते मला बघून न बघितल्यासारखं करायचे.

तर अशाच एका बाजारात, तीर्थपुरीला, एका आडदांड बैलानं दोर सैल असतानाच पाय झाडला आणि नालाचा खिळा माझ्या तळहातात घुसला. उपसला, हात धुतला, हळद-चुना लावला आणि पुढचा बैल घेतला. आठव्या दिवशी भाकरीचा घास तोंडात जाईना. मला वाटलं अक्कलदाढ आली. शमीम म्हणाली, "चला, उशिरा का होईना, अक्कल आली." दोन दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. मान आखडली, पाठ आखडली, तेव्हा एसटीनं जालन्याला आणलं.

जबडा मिटतो त्याला डॉक्टर ट्रिसमस म्हणतात. ही पहिली खूण. दाढ समजून दिवस घालवू नका, मी घालवले.

मला औषध सोसतं का ते बघायला आधी दंडाच्या कातडीखाली एक थेंब टोचून अर्धा तास थांबले. मग सिरमचं इंजेक्शन दिलं. सिरम म्हणजे विषाला मारणारा रस. "घोड्याच्या रक्तातून काढतात हे," डॉक्टरसाहेब म्हणाले. मला हसू आलं. आमच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात घोड्यांना नाल मारले होते, त्याची फेड आता होत होती म्हणायची. पण हसायला तोंड कुठं उघडत होतं!

मग मला व्हरांड्याच्या टोकाच्या एका खोलीत नेलं. लहानशी खोली, एकच लोखंडी खाट, खाटेच्या उजव्या अंगाला भिंतीत खिडकी. मला निजवलं तेव्हा त्या खिडकीतून उतरतीचं ऊन माझ्या तोंडावर येत होतं. म्हणजे ती भिंत पश्चिमेची. माझं डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. तुम्ही हिंदू असा की मुसलमान, उत्तरेला डोकं कुणाचं करतात ते तुम्हाला सांगायला नको. मला ते खटकलं, पण बोलता येत नव्हतं. तेवढ्यात वॉर्डबॉयनं खिडकीवर काळं कांबळं ठोकलं आणि ऊन गेलं. दारावर दुसरं कांबळं आलं. कोपऱ्यात लाल कागद गुंडाळलेला एक बारका दिवा तेवढा राहिला. सिस्टरनं माझ्या कानांत कापसाचे बोळे घातले.

डॉक्टरसाहेब, सिस्टर आणि अब्बा दारापाशी बराच वेळ काही बोलत होते. ओठ हलताना दिसत होते. काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी झटके सुरू झाले. बाहेर कुणाच्या हातून परात पडली असावी. कापसातूनही तो आवाज पोचला आणि माझं सगळं अंग एकदम ताठ झालं. टाचा आणि डोक्याचा मागचा भाग गादीला टेकलेला, मधला सगळा देह वर उचललेला. याला ओपिस्थोटोनस म्हणतात. देह धनुष्यासारखा मागं वाकतो, म्हणून तर धनुर्वात. त्या वेळी शुद्ध जात नाही. शुद्ध गेली असती तर बरं झालं असतं. पाठीचा मणी न् मणी तुटतोय हे शांतपणे कळत राहतं.

आवाजानं झटका यायचा, उजेडानं यायचा, कुणी हात लावला तरी यायचा. जवळच मशीद होती. अजान सुरू झाली की पहिल्याच शब्दाला माझं अंग उचललं जायचं. माणूस नमाजेत अल्लाहपुढं पुढं वाकतो, मी मागं वाकत होतो. दिवसातून पाच वेळा. झटका ओसरेपर्यंत अजान संपलेली असायची, पुरती कधी ऐकूच यायची नाही. तेव्हा आजार वगैरे काही सुचत नाही. माझ्या अंगात दुसरंच कुणी शिरलंय, त्याला अजान सहन होत नाही, असं मला वाटायला लागलं. शुक्रवारपुरता नमाजी होतो ना, त्याचं हे फळ.

नाकातून रबरी नळी घालून दूध देत होते. गुंगीचं औषध चालू होतं. दिवस कधी उगवतो, कधी मावळतो, पत्ता लागत नव्हता. माणसं यायची ती पावलांचा आवाज न करता. सिस्टर चपला बाहेर काढून अनवाणी यायची. ती एकदम उशाशी दिसायची आणि एकदम नसायची. लहानपणी मौलवीसाहेबांनी सांगितलं होतं, की मयताला दफन करून माणसं परत निघतात तेव्हा त्यांच्या पावलांचा आवाज मयताला ऐकू येतो. मी पडल्या पडल्या तो आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो. तो येत नव्हता, म्हणजे अजून पुरलेलं नाही, असा हिशेब मी मनात मांडायचो.

आणि अब्बा उभे होते.

हे मला तिसऱ्या की चौथ्या दिवशी लक्षात आलं. गुंगीतून डोळे उघडावे तेव्हा अब्बा माझ्या डाव्या अंगाला, खाटेपासून हातभर लांब, उभे. परत उघडावे, तरी उभेच. खोलीत एक स्टूल होतं, त्यावर ते कधी बसलेले दिसले नाहीत. बोलत नव्हते. जो माणूस पाडलेल्या बैलाशी खिळ्याखिळ्याला बोलतो, तो माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता. लाल उजेडात त्यांचं तोंड ओळखू येत नव्हतं.

मग त्यांनी नमाज सुरू केली. हात कानांपाशी नेले, खाली आणून बांधले. मी बघत राहिलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नमाजेत माणूस आधी उभा राहतो. मग गुडघ्यांवर हात ठेवून कमरेत वाकतो, त्याला रुकू म्हणतात. मग खाली जाऊन जमिनीला कपाळ टेकतो, तो सजदा. उठतो, बसतो, परत उभा राहतो. प्रत्येक नमाज अशीच. एक सोडून. त्या एका नमाजेत वाकणं नाही, टेकणं नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं उभं राहायचं. ती जनाज्याची नमाज. पढणारा पश्चिमेकडं तोंड करून उभा राहतो आणि मयत त्याच्या पुढ्यात असतं, आडवं, उत्तरेला डोकं केलेलं.

अब्बांचं तोंड पश्चिमेला होतं. त्यांच्यापुढं मी होतो, आडवा, उत्तरेला डोकं केलेला.

मी वाट बघितली. आता वाकतील, आता वाकतील. ते वाकले नाहीत. ओठ हलत होते. मग त्यांनी उजवीकडं मान फिरवली, डावीकडं फिरवली आणि नमाज संपली.

जिवंत माणसाची जनाज्याची नमाज पढत नाहीत, एवढं मला कळत होतं. आणि एकाच माणसाची ती दिवसातून पाच वेळा कोण पढेल? पण त्या खोलीत दिवस होता कुठं? डोळा लागायचा, उघडायचा, समोर हात बांधून अब्बा. मला ती एकच नमाज वाटायची, सुरू झालेली आणि संपतच नसलेली. मयत तयार नाही म्हणून पढणारा थांबलाय, असं काहीतरी.

मग एकदा शमीम आली.

तिला आत सोडलं होतं ते मिनिटभरच. ती पायांशी उभी राहिली. तिनं पदर सावरला तेव्हा लाल उजेडात तिचे दोन्ही हात मला दिसले. हातांत बांगड्या नव्हत्या. लग्नात भरलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या, डझन-डझनभर, त्यातली एकही नव्हती. नुसती मनगटं.

बायकांच्या बांगड्या कधी उतरवतात ते मी तुम्हाला सांगू?

मला रडू आलं. पण ती माझ्याकडं बघून दचकली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून मागं सरकली. नंतर तिनं सांगितलं की मी हसत होतो. दात दाखवून, ओठ कानांपर्यंत ताणून. या आजारात तोंडाचे स्नायू असे ओढले जातात, त्याला रायसस सार्डोनिकस म्हणतात, म्हणजे धनुर्वाताचं हसू. डॉक्टरसाहेबांनी तिला आधी सांगितलं होतं, तरी ती घाबरली. मला तर कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की बायको माझ्याकडं बघून भ्याली आणि गेली, आणि जातानाही पावलं वाजली नाहीत.

मग अब्बांनी परत हात कानांपाशी नेले.

तेव्हा माझा धीर सुटला. मी जिवंत होतो. मला सांगायचं होतं, अब्बा, थांबा, ही नमाज माझी नाही, मी अजून आहे. सगळा जीव एकवटून मी "अब्बा" म्हणायला गेलो. शब्द घशापर्यंत आला आणि घसा मिटला. अंग वर उचललं गेलं ते खाली येईना. श्वास आत जाईना, बाहेर येईना. खाटेचे पाय फरशीवर थडथडले. माझ्या डोळ्यांपुढं तो लाल दिवा बारीक बारीक होत गेला. नमाज मोडून अब्बा दाराकडं धावले, एवढं शेवटचं दिसलं.

शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या गळ्याला पुढून भोक पाडून धातूची नळी बसवली होती. याला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात. घसा मिटला तरी नळीतून श्वास चालतो. त्या नळीनं मला वाचवलं. पण आता श्वास तोंडापर्यंत पोचतच नव्हता, म्हणजे जबडा सुटला असता तरी आवाज फुटला नसता. डॉक्टरसाहेब वाकून माझ्या डोळ्यांत बघत होते. कापसातून त्यांचे शब्द लांबून आल्यासारखे आले, "आजचा दिवस काढ. उद्याचं उद्या बघू."

पुढचे दिवस मी मोजले नाहीत. मोजायला काही उरलंच नव्हतं. अब्बा उभे राहायचे, हात बांधायचे, ओठ हलवायचे, मान फिरवायचे. मी डोळे मिटून घ्यायचो. पढा, म्हणायचो मनात. बापानंच मातीत लोटायचं ठरवलंय तर मी किती अडवणार? खरं सांगतो, मला अब्बांचा राग आला होता. मरणाची भीती त्या रागाखाली कुठं गेली कळलं नाही. दूध नळीतून जायचं म्हणून जायचं, नाहीतर मी ते सोडलं असतं.

मग एक दिवस अजान सुरू झाली आणि संपली.

मला ते आधी कळलंच नाही. शेवटचे शब्द कानी पडले आणि मग शांतता झाली, तेव्हा लक्षात आलं की ते शेवटचे शब्द होते. कितीतरी दिवसांनी मी ते ऐकले होते. माझं अंग गादीवरच होतं. पाठ दुखत होती, पण गादीवर होती.

अब्बाही माझ्याकडं बघत होते. मग ते दारापाशी गेले. कांबळं सारून डॉक्टरसाहेब आत आले, नाडी बघितली, पोटावर हात दाबला, बारा-तेरा दिवसांत पहिल्यांदाच असा कुणाचा हात अंगाला लागला आणि झटका आला नाही. डॉक्टरसाहेबांनी अब्बांकडं बघून मान हलवली.

अब्बा परत आपल्या जागी आले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी फरशीवर अंथरलं. हे आधी कधी केलं नव्हतं. हात कानांपाशी नेले, बांधले. झालं परत सुरू, म्हणून मी डोळे मिटले.

कट्.

मी डोळे उघडले. अब्बा वाकलेले होते. गुडघ्यांवर हात, पाठ सरळ. ते उभे झाले आणि मग, कट्, कट्कट्, आणि अब्बा दिसेनासे झाले. जिथं इतके दिवस एक माणूस न हलता उभा होता तिथं नुसती भिंत होती. ते कुठं गेले हे कळायला मला एक क्षण लागला. ते खाली होते, खाटेच्या आडोशाला, फरशीवर कपाळ टेकून.

ते उठले. कट्कट्. परत रुकू, परत सजदा. परत कट्. तीर्थपुरीच्या बाजारात ज्या आवाजाची मला लाज वाटायची, तो आवाज त्या खोलीत एखादी फांदी मोडावी तसा वाजत होता आणि माझं अंग गप पडून होतं. मला सगळं एकदम कळलं. ते का उभे राहायचे, स्टुलावर का बसत नव्हते, का वाकत नव्हते. बांगड्यांचंही कळलं. मी रडत होतो, आणि या वेळी माझं तोंडही रडत होतं.

कळलं होतं, तरी गळ्यातली नळी निघाल्यावर, भोकावर बोट धरून मी पहिलं बोललो ते इतके दिवस मनात साचलेलंच. "अब्बा, तुम्ही माझा जनाजा पढत होते ना?"

अब्बांनी दोन्ही कानांना हात लावले. मग म्हणाले, "अल्लाह तोबा! आरं, काय बोलून राह्यलास? गुडघे वाजतात न्हाई का माझे. झटक्यांच्या पयल्याच दिशी मी खाली बसलो अन् तू असा उचलला गेलास... मंग ठरवलं, बसायचंच न्हाई. नुसती मान झुकवून पढत होतो. अंधारात तुला दिसली नसंल."

"बाहेर जाऊन पढायचं."

"डॉक्टरसाहेब बोलले, नजर हटवू नका. श्वास अडकला तर जल्दी कळवा. कसा जाणार?"

शमीम दारात उभी होती. तिनं कमरेची गाठ सोडून रुमाल काढला. त्यात बांगड्या होत्या, एकही न फोडता काढलेल्या. साबण लावून एकेक काढल्या होत्या म्हणे, हात सोलले तिचे. "किणकिणल्या असत्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही असे हसत होते, की मला वाटलं... जाऊ द्या." काय वाटलं ते तिनं आजतागायत सांगितलेलं नाही.

सुटी मिळाली त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी इंजेक्शन दिलं आणि पुढची कधी घ्यायची ते कागदावर लिहून दिलं. मी म्हणालो, आता कशाला, एकदा होऊन गेला की. ते म्हणाले, "हा देवीच्या रोगासारखा नाही. एकदा झाला म्हणून परत होत नाही असं नसतं. टोचून घ्यायचंच." हे तुम्हीही लक्षात ठेवा. शेणात, मातीत, गंजलेल्या खिळ्यानं जखम झाली तर हळद-चुन्यावर भागवू नका. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचे, अनवाणी चालणाऱ्या त्या सिस्टरचे आणि कुठल्या तरी अनोळखी घोड्याचे माझ्यावर उपकार आहेत.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच.

तीन महिन्यांनी मी परत तीर्थपुरीच्या बाजारात बसलो. हातात जोर नव्हता, म्हणून बैलाच्या डोळ्यांवरचं फडकं धरायचं काम माझ्याकडं आलं. दुपारच्या नमाजेला अब्बांनी पोतं अंथरलं. एक नमाज झाली, ते पोत्यावरून हटले नाहीत. दुसरी पढले, मग तिसरी. गिऱ्हाईक कंटाळलं, बैल कंटाळला. मी विचारलं, "अब्बा, आज किती?"

"तिथल्या राह्यल्यात," अब्बा म्हणाले. "मौलवीसाहेबाला इचारलं. ते बोलले, धडधाकट माणसानं न वाकता पढल्या, त्या परत पढून घे. थोड्या थोड्या रोज पढून राह्यलो."

त्या गुडघ्यांनी, त्या सगळ्या नमाजा.

मग अब्बा बैलापाशी येऊन बसले, कट्. खूर मांडीवर घेतला आणि नेहमीसारखं सुरू झालं, "आता तासतो हं राजा." मध्येच थांबले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बैलाला समदं सांगतो मी. तुलाच सांगायचं राह्यलं बघ. तोंडानं न्हाई तर इशाऱ्यानं सांगता आलं असतं. त्या पयल्या दिशी, कापूस घालायच्या आधी, दोन शब्द."

एवढंच सांगण्यासाठी मी हे लिहिलं. आजाऱ्यासाठी तुम्ही बांगड्या काढाल, उभे राहाल, जीव काढून ठेवाल. पण तो अंधारात बांधलेला आहे. काय करणार आहात आणि कशासाठी, ते त्याला आधी सांगा.

आता हातोडा माझ्या हातात आहे आणि अब्बा फडकं धरतात. नमाजेची वेळ झाली की ते बैलांमध्ये पोतं अंथरतात. मी खिळा नालावर धरतो, पण ठोकत नाही. बैलाला सांगतो, "थांब राजा, अब्बा वाकतायत." गुडघे वाजले की मग ठोकतो.